तुझ्या नावाची ओ

देवाजी, सगळ्यात आधी तुझी माफी मागतो. तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पोंभुर्ण्याच्या बसस्टँडपुढे जवळजवळ दोन तास माझा फोटो लागला होता.

तुझा एकट्याचा धड फोटो कोणाकडेच सापडेना. तू जन्मभर दुसऱ्यांचेच फोटो काढलेस. सफारीच्या जिप्सीतल्या पाहुण्यांचे, वाघासकट आणि वाघाशिवाय. शेवटी माझ्या मोबाइलात आपला दोघांचा निघाला, जंगलाच्या गेटवरचा, दोघांच्याही डोक्यावर सारखीच हिरवी टोपी. फ्लेक्सवाल्याला मी फोनवर म्हणालो, "डावीकडचा घ्या." आता चोवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाने डावीकडचा म्हणजे कोणाच्या डावीकडचा, एवढं तरी सांगायला नको का? नाही सांगितलं. त्याने मला घेतलं, कडेने झेंडूची फुलं लावली, खाली तुझं नाव टाकलं आणि टांगून मोकळा झाला.

सकाळी मी दूध घेऊन त्याच रस्त्याने येत होतो. माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकल उभी करून फ्लेक्सपुढे हात जोडून उभा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला आणि पांढराफटक पडला.

"सर, तुमी?"

"अरे, मी नाई. माझा साळा गेला."

"पण फोटो तं तुमचा हाय ना सर."

"फोटो माझा हाय. गेला तो."

त्याने दोन पावलं मागे घेतली. घरी आलो तर दारात तीन बाया वच्छलाच्या गळ्यात पडायला आलेल्या आणि मला पाहून तशाच थांबलेल्या. वच्छला मला आत ओढत म्हणाली, "आज घराबाहेर निघू नका तुमी. लोक भेऊन राह्यले."

तू असतास तर ही गोष्ट तुला वर्षभर पुरली असती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली असतीस, आणि दर वेळी ते दोन तास वाढत वाढत दोन दिवस झाले असते.

मला मात्र त्या फ्लेक्सपुढे हसू आलं नाही. तुझ्या नावावर माझं तोंड लागलं, पण त्याच्या आधी एकदा तुझ्या नावावर माझा आवाज लागून गेला होता. ते कोणालाच माहीत नाही. वच्छलाला तर नाहीच. ती माझी बायको आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तुझी बहीण आहे. उद्या तुझी तेरवी. त्याआधी तिला सांगायचं की तोंड मिटून बसायचं, हे मला ठरवता येत नाही. म्हणून पडवीत वही घेऊन बसलोय. अडचण आली की तुझ्याशीच बोलायची सवय आहे, आणि माणूस गेला म्हणून सवय लगेच जात नाही.

*

आपण मूल गावच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तेव्हापासूनचा आपला "तू". नंतर तुझ्या बहिणीशी माझं लग्न झालं आणि रिवाजाप्रमाणे तुला मला "तुम्ही" म्हणावं लागलं. तू रिवाज पाळलास, पण "बे" सोडलं नाहीस. "काय बे जवाईबापू, तुम्ही जेवले का नाई?" एका वाक्यात मान आणि अपमान दोन्ही देणारा तुझ्यासारखा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

मी शाळेत मास्तर झालो, तू जंगलात गाइड. तुझ्या आईने मरताना शिवेवरची मोहाची झाडं वाटून दिली. दोन तुला, दोन वच्छलाला. त्या हिशेबाने दर चैत्रात मीही पहाटे टोपली घेऊन जंगलात येऊ लागलो. मी एक टोपली भरेपर्यंत वच्छलाच्या तीन व्हायच्या. तू म्हणायचास, "वच्छे, तुह्या नवऱ्याले फुलं वेचाले आणलं का फुलांची हजेरी घ्याले?"

आणि मग तो शब्द आला.

तुझ्या गाडीत स्पेनहून आलेल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांचा दुभाषा मागच्या गाडीत. वाटेत वाघीण आडवी बसलेली, आणि नेमकी तेव्हाच तुमची जिप्सी बंद पडली. ड्रायव्हर चावी फिरवतो, गाडी खोकते, वाघीण मान वळवून पाहते. ड्रायव्हरचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. तेव्हा त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईने, जिला तू पुढे कायम मावशीच म्हणालास, मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "त्रांकीलो." एवढंच. ड्रायव्हरला स्पॅनिशचा स सुद्धा माहीत नव्हता. पण त्याने चावी सोडली, हात मांडीवर ठेवले, श्वास घेतला. वाघीण पाच मिनिटांनी उठून गेली. मग गाडीही सुरू झाली.

त्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलास तो असा, जशी कोणी तुला जमीन लिहून दिली.

"गुरुजी, एका शब्दात माणूस जाग्यावर आला! एका शब्दात!"

मावशी आणखी तीन दिवस होती. त्या तीन दिवसांत तू तो शब्द पाठलाग करून पकडलास. तिने तो कुठे कुठे वापरला ते वहीत देवनागरीत लिहीत गेलास. तिची मैत्रीण पायरी चुकली तेव्हा "त्रांकीला". अख्ख्या गाडीला सांगताना "त्रांकीलोस". नुसत्या बायका असल्या की "त्रांकीलास". संध्याकाळी तलावाकडे बोट दाखवून तोच शब्द, म्हणजे पाणीसुद्धा तसं असतं. तू चहा ओतायची घाई केलीस तर तोच, म्हणजे सावकाश. शेवटच्या दिवशी वाघ दिसला नाही म्हणून तू हात जोडलेस तर तोच, म्हणजे त्याचं काय एवढं. तुला सगळ्यात आवडलं ते हे, की ती कधी कधी "तू त्रांकीलो" असं म्हणायची. "त्याइचा तू अन् आपला तू एकच हाय बे!" असं ओरडत तू माझ्या वर्गाच्या खिडकीशी आला होतास. मी तेव्हा आठवीला समास शिकवत होतो. मुलं समास विसरली. तो शब्द त्यांना अजून येतो.

मग मोबाइलात भाषा शिकवणारं ते अ‍ॅप आलं, कानात वायर आली, आणि तू गावात त्रांकीलो भाऊ झालास. बैलाला त्रांकीलो, शेळीला त्रांकीला. तुझ्या घरी वहिनी म्हणाल्या, शेळीला तरी मराठीत हाक मारा, दूध आटेल. तू त्यांनाही एकदा "मला त्रांकीलो सोड" अशा अर्थाचं काहीतरी स्पॅनिशमध्ये म्हणालास. त्या दिवशी तू आमच्याकडे जेवलास.

*

आपलं भांडण अर्धंच राहिलं, देवाजी.

तू मला विचारलं होतंस, याला मराठीत काय म्हणायचं. मी खडू हातात घेतल्यासारखा उत्तरलो, "शांत." तू मान हलवलीस.

"नाई जमत. शांत बस, असं तुमी पोरायले म्हणता. त्यात छडी हाय."

"मग निवांत."

"निवांत तं एकटा माणूस असते. हा दुसऱ्याले द्याचा शब्द हाय."

"निश्चिंत."

"हे कोणाच्या घरी बोलते, गुरुजी? तुमच्या घरी बोलते का? वच्छे, हा तुले कधी निश्चिंत म्हणला का व?"

आतून वच्छला ओरडली, "मले तं चूप म्हणते."

मी चिडून म्हणालो, मग घाबरू नको म्हण, तेच तर सांगायचंय तुला. त्यावर तू चंची काढलीस. तंबाखू मळलीस. मग जे बोललास ते मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझं म्हणून खपवलं.

"घाबरू नको म्हणलं का आधी घाबराचं नाव घ्या लागते. मावशीनं भेवाचं नावच नाई घेतलं. तिनं तो माणूस जसा पाह्यजे तसा हाय, असंच म्हणून टाकलं. अन् मंग तो झाला."

आणखी एक गोष्ट तू शोधून काढली होतीस. त्यांच्याकडे "आहे" दोन आहेत. एक स्वभावाचा, एक या घडीचा. स्वभावाने त्रांकीलो असलेला माणूस वेगळा आणि या घडीला असलेला वेगळा. "तुमी स्वभावानं नाई हाय जवाईबापू, तुमी जलमाचे घाबरट. पण या घडीले होऊ शकता. त्याची सोय हाय त्या भाषेत."

त्या सोयीचा फायदा मी एकदा घेतलाय. आलापल्लीच्या लग्नाहून परतताना सागवानाच्या जंगलात तुझी गाडी पंक्चर झाली होती. सूर्य पानांच्या मागे उतरत होता, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागलो. सतराचा पाढा. का ते विचारू नकोस. तू चाक काढता काढता उठलास, तेलकट हात माझ्या नव्या शर्टाच्या खांद्यावर ठेवलास आणि म्हणालास, "तू त्रांकीलो." लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा "तू". तो डाग गेला नाही. वच्छलाने शर्ट फडक्याला काढला होता, मी परत आणून कपाटात ठेवला.

शेवटचं भांडण मोह पडायच्या आधल्या आठवड्यातलं. अ‍ॅपमध्ये तुला नवीन जोडी मिळाली होती, "कोन्सिएन्सिया त्रांकीला". म्हणजे आपलं आतलं मन, जे आपल्याला चावत नाही, डोळा लागू देतं. तू विचारलंस, याले आपल्यात काय म्हणते. मी म्हणालो, उद्या सांगतो. मग तपासायला पेपर होते, मग तू गाडीवर होतास, मग मी विसरलो. तुझ्या वहीत त्या शब्दापुढे एक रेघ ओढलेली आहे आणि रेघेपुढे जागा कोरी. वहिनींनी ती वही मला दिली. म्हणाल्या, "तुमचंच काम राह्यलं त्यात."

*

आता ती सकाळ.

नियम तूच घातला होतास. शेजारच्या गावची एक बाई मोह वेचता वेचता वाघाने नेली आणि बराच वेळ कोणाला पत्ताच लागला नाही. वाकून वेचणारा माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, आणि प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली मान खाली घालून असतो. त्या वर्षी तू सगळ्यांना चावडीवर बसवून सांगितलंस. वेचणाऱ्यांत सगळ्यात म्हातारे सोमाबाबा, ते मधूनमधून हाक देतील. मग झाडाच्या क्रमाने एकेकाने ओ द्यायची. एकाची ओ आली नाही तर सगळ्यांनी टोपल्या टाकून तिकडे पळायचं. आणि शेवटचं कलम तू बोट उभारून सांगितलं होतंस. "आपली ओ आपणच द्याची. नवऱ्यानं बायकोची द्याची नाई, मायनं पोराची द्याची नाई. मुका असन त्यानं टोपली वाजवाची."

मला त्यात नवीन काही नव्हतं. वर्गात दुसऱ्याच्या नावावर "हजर" म्हणणाऱ्या पोरांना मी चोवीस वर्षं पकडतोय. आवाजावरून पकडतो. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी सांगत फिरतो.

आम्ही अकरा जण होतो. चौथं झाड तुझं, पाचवं माझं, मध्ये एक झाड सोडून वच्छला. उजाडून गेलं होतं. फुलं पडून जमीन पिवळसर झाली होती, आणि तो वास, गोड आणि किंचित आंबलेला. तू झाडाला टेकून बसला होतास, माझ्याकडे पाठ. मला तुझी टोपी दिसत होती, एक कोपर आणि कानातली ती वायर. धडा चालू असणार. मी मनात म्हटलं, बघा, टोपली अर्धी आणि गडी स्पेनमध्ये.

सोमाबाबांची हाक आली. "होऽऽ!"

पहिला, दुसरा, तिसरा. मग तू.

तू काही बोलला नाहीस.

आदल्याच दिवशी कानात वायर घालून बसलास म्हणून ओ चुकवली होतीस. बाकीची दहा माणसं काट्याकुट्यांतून धावत आली आणि सोमाबाबांनी तुला सगळ्यांदेखत झापलं होतं, "नियम करणाराच बहिरा!" मला वाटलं, आज परत तुझी शोभा नको. खरं सांगू? तेवढंच नव्हतं. गंमतही होती. बाकी सगळे नुसतं "हो" म्हणायचे, तू मात्र लांब सूर काढून तुझा तो शब्द म्हणायचास. मी तोंडाला हात लावला, तुझ्यासारखा नाकातून आवाज काढला आणि ओरडलो, "त्रांकीलोऽऽ!"

झाडाझाडांतून हसू फुटलं. मग मी माझी ओ दिली. पुढचे देत गेले. अकरा भरल्या.

माझ्या आवाजाने तू वळून शिवी देशील म्हणून मी वाट पाहिली. तू वळला नाहीस. मी म्हटलं, रुसला. आणि फुलं वेचायला लागलो.

पुढची हाक आली तेव्हा माझी एक टोपली भरत आली होती. या वेळी मी तोंड उघडलं नाही, कारण तोवर मला ते जरा लागलं होतं, की तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. चौथ्या झाडाखालून ओ आली नाही. सगळे पळाले. सगळ्यांत जवळ मी होतो आणि सगळ्यांत शेवटी पोचलो. तू बसलेलाच होतास. डोळे अर्धे उघडे. कानात अ‍ॅपमधली ती शिकवणारी बाई अजून बोलत होती, थांबून थांबून, तू म्हणशील म्हणून जागा सोडत.

गाडीतून तुला चंद्रपूरला नेलं. तू एक दिवस आणि काही तास होतास. मेंदूत रक्त साकळलं होतं. मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून विचारलं, जरा आधी आणलं असतं तर? ते दमलेले होते, चांगले होते. म्हणाले, "आधी म्हणजे किती आधी?" मी म्हणालो, एक टोपली. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, सांगता येत नाही, फरक पडला असता, नसताही.

बारा दिवस मी ती टोपली भरतोय. कधी ती लवकर भरते, कधी भरतच नाही. मी तसा सावकाशच वेचतो, तुला माहीत आहे. दुसरा कोणी असता तर ती केव्हाच भरली असती.

दवाखान्यात तुझी वाचा गेली होती, पण नजर होती. वच्छला पायाशी बसून तुझे तळवे चोळत होती. मी डोक्याशी उभा राहिलो तर तू माझ्याकडे पाहिलंस आणि पाहतच राहिलास. देवाजी, मला एवढंच विचारायचं आहे. त्या झाडाखाली तुला ऐकू येत होतं का? सोमाबाबांची हाक आली, तू ओ द्यायला गेलास, जीभ हलली नाही, आणि तेवढ्यात तुला तुझाच आवाज पाठीमागून ऐकू आला का? सगळे हसले तेही ऐकलंस का? आता कोणी येणार नाही, हे तुला तेव्हा कळलं का?

तिथे उभा असताना मी तुझ्या खांद्यावर हात ठेवू शकलो असतो. तो शब्द म्हणू शकलो असतो, तुझ्याकडूनच शिकलेला. पण तो माझ्या तोंडातून एकदा येऊन गेला होता ना. परत यायला धजला नाही.

*

मोह कोणासाठी थांबत नाही. सुतक असो नसो, फुलं पडतच होती, आणि न वेचली तर अस्वलं येतात. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, जा, तुम्हीच वेचा आता दोन्हीकडची. आम्ही गेलो. तुझ्या झाडाखाली कोणी झाडलं नव्हतं. तू टेकलास त्या जागी फुलं पडलीच नव्हती, किंवा मला तसं वाटलं.

सोमाबाबांनी हाक दिली. पहिला, दुसरा, तिसरा. आणि मग, कोणी ठरवलेलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण एका ओपुरती जागा सुटली. सगळं जंगल त्या जागेत कान देऊन उभं राहिलं. ती जागा संपली की माझी पाळी. तुझं मुक्याचं कलम आठवलं. शेवटी मी टोपली वाजवली.

तेव्हापासून रोज तसंच. रोज ते जागा सोडतात आणि रोज मी टोपली वाजवतो. लोकांना वाटतं, गुरुजींचं दुःख. सोमाबाबा काल माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले. तो हात मला दिवसभर भाजत होता.

शाळेतही आता तसंच होतं. हजेरी घेताना एखाद्याचं नाव घेतलं आणि तो गैरहजर असला, की त्या एवढ्याशा शांततेत मला तुझी टोपी दिसते आणि ते कोपर. परवा मागच्या बाकावरून कोणीतरी मित्राच्या नावावर "हजर" म्हणालं. आवाज मी ओळखला. पट मिटवला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिलो. मुलं सांगतात, सरांना ऊन लागलं.

तुझा आवाजही येतो मला. घाबरवायला नाही येत. पाढा म्हणताना येतो, दाढी करताना येतो, नाकातला, लांबवलेला. पण मी नीट कान दिला की तो तुझा नसतो. मी काढलेला तुझा आवाज असतो तो. खरा कसा होता हे मला आठवेनासं झालंय. तुझा आवाजच मी पुसून टाकला की काय, असं वाटतं.

आणि वच्छला. ती रडलेली नाही, देवाजी. दवाखान्यात नाही, घाटावर नाही. येणाऱ्या बाया म्हणतात, धक्का आहे, मोकळी होऊ द्या. ती स्वयंपाक करते, वहिनींना घास भरवते, अंगणात मोह वाळवते. माझ्याकडे पाहून बोलते आणि मध्येच बोलणं सोडून देते. मला वाटतं, तिला संशय आला. मग वाटतं, माझ्या मनातलंच मला तिच्या तोंडावर दिसतंय. तिला सांगितलं तर तिचा भाऊ ती परत एकदा गमावेल, आणि कदाचित मलाही. नाही सांगितलं तर उद्या तेरवीला मी तुझ्या पानावर तूप वाढणार, लोकांमध्ये बसून तुझे किस्से सांगणार, सगळे हसणार, आणि तो एक किस्सा तेवढा पोटात ठेवणार. मी घरातला गोष्टी सांगणारा माणूस. एवढी मोठी गोष्ट गिळून मी पुढे कुठल्या तोंडाने गोष्टी सांगू?

तुझ्या वहीतली कोरी जागा माझ्यासमोर उघडी आहे. तुझ्या त्या जोडशब्दाला मराठीत काय म्हणतात ते मला सांगता येत नाही. तसं मन असलेला माणूस आधी व्हावं लागेल.

उठतो. ती अंगणातच आहे.

*

आलो सांगून.

दुपार उतरली होती. ती गोणपाटावर मोह पसरत होती, निम्मे वाळून मनुकांसारखे झालेले, निम्मे ताजे. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. प्रस्तावना मनात तयार होती, मास्तरच मी. पण ती काही आली नाही. "वच्छला, त्या दिवशी पहिल्या हाकेला देवाजीनं ओ दिली नव्हती. ती मी दिली," एवढंच म्हणालो. मग टोपलीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. सांगताना मी फुलांकडे पाहत होतो.

तिचा हात थांबला नाही. गोणपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने फुलं सारखी केली. मग तिथेच मातीत मांडी घालून बसली, पदराने हात पुसले, आणि मला वाटलं आता ती उठून आत जाईल आणि परत कधी बाहेर यायची नाही.

"सत्तावीस वर्षं झाले तुमच्या घरात," ती म्हणाली. "भाऊचा आवाज कोणता अन् तुमचा कोणता, मले नाई समजलं, असं वाटलं का तुमाले? मी त्याच घडीले ओळखला. ओळखला, अन् पदर तोंडात घालून हासली." मग ती रडायला लागली, बारा दिवसांत पहिल्यांदा, आणि रडता रडताच म्हणाली, "तुमाले सांगाले मी तरी होती. मी कोणाले सांगू?"